फॅशन कुठे बसवायची? डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

डोंबिवली पूर्वेला १९९४ साली बांधलेली चार मजली इमारत. दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यात आठ बाय दहा फुटांचं स्वयंपाकघर. एका अंगाला हॉल, दुसऱ्या अंगाला साडेतीन फुटांची ड्राय बाल्कनी. घरात माणसं चार. सत्तरी ओलांडलेल्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि आठवीतली नात. सून बँकेत नोकरीला, रोज लोकलने मुंबईला ये-जा करणारी. मुलगा आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो. मी याच भागात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते, आणि हे काम माझ्याकडे आलं तेव्हा सुनेच्या फोनमध्ये आवडलेल्या स्वयंपाकघरांच्या फोटोंचा एक गठ्ठाच तयार होता. ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत.

त्या फोटोंमध्ये काय होतं ते आधी सांगते, कारण आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात नवं स्वयंपाकघर करणाऱ्याच्या फोनमध्ये साधारण हेच असतं. हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर. मध्ये बेट, म्हणजे चारही बाजूंनी फिरता येईल असा सुटा ओटा. पांढरा, राखाडी शिरांचा क्वार्ट्झचा पृष्ठभाग. हँडल नसलेली कपाटं. ओट्यात बसवलेला हॉब, म्हणजे दगडात खाच करून बुडवलेली शेगडी. छतापर्यंत उंच कपाट आणि त्यात ओव्हन. भिंतीवर उघड्या फळ्या, त्यावर चार कुंड्या आणि सहा काचेच्या बरण्या. एकाही फोटोत कुकर दिसत नव्हता. दुधाचं पातेलं नव्हतं, पोळ्यांचा डबा नव्हता, घासून उपडी घातलेली भांडी तर नव्हतीच.

काकूंचं म्हणणं एका वाक्याचं होतं : "आहे त्याला नुसता रंग मारा, बाकी काही नको."

म्हणजे घरात दोन टोकं होती, आणि दोघींपैकी कुणीही चुकीचं बोलत नव्हतं. स्वयंपाकघर खरंच थकलं होतं. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून आला होता, ट्रॉल्या ज्यावर सरकतात ते चॅनेल अडकत होते, चिमणी आवाज करायची पण धूर खेचत नव्हती. बदल लागणारच होता. किती, आणि कुठल्या दिशेने, हा प्रश्न होता.

आधीच्या दोन फॅशन

नवं काही आखण्याआधी मी जुन्यातलं काय टिकलं ते बघते. या स्वयंपाकघरात आधीच्या दोन काळांचे थर शाबूत होते. मूळ बिल्डरने दिलेला ओटा कडप्प्याचा, खाली कडप्प्याच्याच उभ्या-आडव्या फळ्या. सुरुवातीची वर्षं त्याला पडदा लावलेला होता, असं काकू म्हणाल्या. मग २००६ साली मोठं काम झालं. काळा ग्रॅनाइट आला, स्टीलच्या ट्रॉल्या आल्या आणि वर-खाली मरून रंगाची चकचकीत शटर, म्हणजे कपाटांची दारं. तेव्हा डोंबिवली-ठाण्यात दर दुसऱ्या घरात मरून किंवा वांगी रंगाचं स्वयंपाकघर होत होतं.

आज त्यातला ग्रॅनाइट जसाच्या तसा आहे. कडेला एक टवका गेलाय, बाकी ना डाग ना तडा. ट्रॉल्यांची कल्पना टिकली, फक्त चॅनेल झिजले. गेला तो मरून रंग. तो खराब झाला म्हणून गेला असंही नाही. बऱ्याच शटरांचा चकाकपणा अजून शाबूत होता. पण तो रंग बघवत नव्हता. काकूंनासुद्धा.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी माहिती इथेच मिळाली. फॅशनचा माल आणि कामाचा माल एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून या घरात आले होते. वीस वर्षांच्या आत एक नकोसा झाला आणि दुसऱ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. तेव्हा ओटा, नळाच्या जागा, गॅसची पाइप, वायरिंग, भिंती या गोष्टी एकदा केल्या की पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांना हात लावायचा नसतो. तिथे चालू फॅशनला विचारायचं नाही. शटरचा रंग, मुठी, दिवे, भिंतीवरच्या टाइल्स या बदलता येतात; तिथे हौस मनसोक्त करावी. माझं सगळं आखणं या एका विचारावर झालं. मात्र तो विचार ओट्याच्या उंचीला लावताना वाटला तितका सरळ निघाला नाही.

काकूंचा पाट

मी सकाळी स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बसते. बोलत नाही, बघते. या घरात सकाळच्या पोळ्या-भाजी काकूंकडे, संध्याकाळचं सुनेकडे आणि रविवारचे मासे मुलाकडे.

काकू आल्या, ओट्याखाली पाय घातला आणि पायानेच एक लाकडी पाट बाहेर ओढला. त्यावर चढल्या आणि परात पुढे घेऊन कणीक मळायला लागल्या. पोळ्या लाटून झाल्या तशा खाली उतरल्या, पाट पुन्हा पायानेच आत सरकवला. हे सगळं इतकं सवयीचं होतं की घरात कुणाला त्याबद्दल सांगावंसंही वाटलं नव्हतं. सुनेला विचारलं तर म्हणाली, "हो, त्यांचा पाट आहे तो. मी कधीतरी अडखळते त्याला."

मी ओटा मोजला : ३४ इंच. पाट मोजला : ३ इंच. काकूंची उंची ४ फूट ११ इंच.

ओट्याच्या उंचीचा साधा हिशोब असा असतो. उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपर जिथे येतं, त्याच्या चार ते सहा इंच खाली कामाची पातळी असावी. चिरणं, निवडणं, वाढणं त्या पातळीवर सोयीचं होतं. पण कणीक मळायला आणि पोळी लाटायला खांद्यापासून जोर लावावा लागतो, म्हणून त्या कामाला पातळी आणखी थोडी खाली लागते. काकूंचं कोपर जमिनीपासून सुमारे ३७ इंचांवर येत होतं. त्यातून सहा वजा केले की राहतात ३१. आणि ३४ मधून पाटाचे ३ वजा केले की पुन्हा ३१. काकूंनी टेप न वापरता वर्षानुवर्षं नेमकी तीच पातळी गाठली होती.

आता फोटोंमधले ओटे बघा. युरोपातल्या मापावर बेतलेल्या मॉड्युलर स्वयंपाकघरांत ओटा ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे ३५ इंचांच्या आसपास असतो. भारतातल्या प्रौढ बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आतच. कंपनीच्या पुस्तकातली उंची आपल्याकडच्या कित्येक बायकांना जड जाते. खांदे वर उचलून पोळ्या लाटल्या जातात, आणि मग खांदेदुखीला औषध घेतलं जातं. मला या एका गोष्टीचा मनापासून राग येतो. कपाटाचा रंग निवडायला घरातली सगळी माणसं दुकानात जातात. ओट्याची उंची मात्र सुतार किंवा दुकानदार "ठेवू स्टँडर्ड" म्हणून ठरवून टाकतो.

पण म्हणून सगळा ओटा ३१ इंचांचा करायचा का? सुनेची उंची ५ फूट ४ इंच, तिला ३५ बरा पडतो. मुलगा ५ फूट १० इंच. ३१ इंचांवर तो मासे साफ करायला लागला तर त्याची कंबर धरणार. तेव्हा ओटा एकसलग असलाच पाहिजे, ही समजूत मी बाजूला ठेवली. फोटोंमधली ती लांबच लांब, अखंड रेघ देखणी दिसते, पण ज्या घरात तीन उंचीची तीन माणसं रांधतात तिथे ती कुणा ना कुणाच्या अंगावर येते.

खिडकीजवळ साडेतीन फुटांचा भाग ३१ इंचांवर घेतला. ही पोळ्यांची जागा. उरलेला ओटा ३५ वर. सिंक ड्राय बाल्कनीच्या बाजूला, ३७ वर, कारण सिंकमध्ये हात जातो तो तळाशी, आणि तळ कडेपेक्षा आठ-नऊ इंच खाली असतो. ओट्याच्या उंचीला सिंक ठेवलं की भांडी घासणाऱ्या मावशींना रोज वाकावं लागतं. त्यांची उंची कुणी विचारत नाही. मी विचारली.

गॅसचं आणखी वेगळं. शेगडी ओट्यावर ठेवली की बर्नर चार-साडेचार इंच वर येतो, त्यावर कुकर चढला की शिटी पार छातीशी. हॉबची फॅशन आली त्यामागे दिसण्याइतकंच हेही कारण आहे : हॉब ओट्यात बुडतो, भांडं खाली येतं. सुनेला हॉब हवा होता तो मात्र फोटोतल्या सपाट, काळ्या काचेसाठी. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. हॉबसाठी दगडाला खाच कापावी लागते. दहा वर्षांनी तो बिघडला आणि त्याच मापाचा मिळाला नाही, तर दगडच बदलावा लागतो. दूध उतू गेलं की ते बर्नरच्या खाली जातं. शिवाय या घरात पाइपचा गॅस आहे. नवा हॉब घेताना त्याचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, पाइपच्या गॅसचेच हवेत, सिलिंडरचे चालत नाहीत. आपल्याकडे याला एक जुना तोडगा आहेच. शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घ्यायचा. जुन्या घरांत हे सर्रास दिसायचं, मग एकसलग ओट्याच्या नादात मागे पडलं. आम्ही तेच केलं. शेगडी त्या खोलगटात बसली, भांडं योग्य उंचीवर आलं आणि शेगडी बिघडली तर बाजारातून कुठलीही आणता येईल.

भिंत

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातल्या भिंतीवर.

उघड्या स्वयंपाकघराविरुद्ध बोलणं सोपं असतं. फोडणीचा ठसका हॉलमध्ये जाईल, बोंबील तळले की सोफ्याला वास बसेल, दिवाळीत चकल्यांचं तळण तासन्‌तास चालेल, पाहुणे आले की पसरलेला ओटा दिसेल. काकूंनी हे सगळं सांगितलं आणि ते सगळं खरं होतं. मोठी चिमणी घेतली की प्रश्न मिटतो असं विक्रेते सांगतात. चिमणी आपल्या छत्रीखालची हवा ओढते; हॉलमधला पंखा जोरात फिरत असेल तर वाफ छत्रीत शिरायच्या आधीच पसरते आणि ज्योतही हलते. डोंबिवलीच्या मे महिन्यात हॉलचा पंखा बंद ठेवा, असं मी कुणाला सांगणार?

पण मी सुनेला विचारलं की तुला भिंत का नको आहे. फोटोतलं दिसणं सोडून दे, तुला स्वतःला का नको? ती थोडी थांबली. मग म्हणाली, "मी आठ वाजता घरी येते. मुलगी हॉलमध्ये अभ्यासाला बसलेली असते, हे लॅपटॉपवर असतात, आई टीव्हीसमोर. मी आत एकटी. साडेनऊला बाहेर येते तोवर दिवस संपलेला असतो."

हे ऐकल्यावर नुसतं 'नको' म्हणणं मला शक्य नव्हतं. उघडं स्वयंपाकघर इतकं पसरलं त्याच्या मुळाशी हीच तक्रार आहे, आणि ती शंभर वर्षं जुनी आहे. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झ्की या वास्तुरचनाकार बाईने शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आज ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो त्याची ती मोठी पायरी. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब इतक्याशा जागेत सगळं हाताशी. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा नमुना समोर होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. बाईचे श्रम वाचावेत हा हेतू, आणि ते वाचलेही. पण इतक्या नेमक्या, अरुंद खोलीत एकाच माणसाला जागा होती, आणि पुढे टीका झाली ती याचसाठी की बाई त्यात एकटी कोंडली गेली. नंतरच्या काळात भिंती पडत गेल्या त्याला हे एक मोठं कारण होतं.

त्या मूळ आराखड्यातली एक गोष्ट मात्र मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये सरकतं दार होतं. ते उघडं ठेवलं की आतल्या बाईला बाहेर खेळणारं मूल दिसायचं, आणि वास-वाफ अडवायची तर लावून घेता यायचं. भिंत हवी की नको, यावरचं उत्तर त्या आराखड्यातच होतं. नंतरच्या फॅशनने ते दार सोडून दिलं.

डोंबिवलीत आम्ही तेच केलं. भिंत चार इंची विटांची होती, भार पेलणारी नव्हती. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतलं, सोसायटीची लेखी परवानगी घेतली, आणि वरच्या बीमला हात लावला नाही. तीस वर्षांच्या इमारतीत "विटांचीच तर आहे" म्हणून हातोडा चालवणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत. त्यांना काम देऊ नये. आठ फुटांच्या भिंतीतला साडेपाच फुटांचा भाग काढला आणि तिथे टफन काचेची तीन सरकती तावदानं लावली. रूळ वरच्या बाजूला, जमिनीवर पट्टी नाही. काकू अडखळणार नाहीत आणि फरशी सलग पुसता येईल. उरलेल्या अडीच फुटांच्या भिंतीला टेकून फ्रिज.

बेटाचा विषय इथेच संपला. आठ बाय दहाच्या खोलीत ओट्यासमोर दोन माणसांना पाठीला पाठ न लावता वावरायचं तर चार फूट लागतात. बेट ठेवलं असतं तर त्याभोवती दीड-दीड फुटांच्या बोळी उरल्या असत्या. सुनेला फरशीवर खडूने आखून दाखवलं. तिने स्वतः त्या बोळीतून परात घेऊन चालून पाहिलं आणि तो फोटो खोडून टाकला.

दगड

पांढऱ्या क्वार्ट्झवर ती जास्त काळ अडून राहिली. तिचं चूक नव्हतं. तो दिसतो सुंदर. क्वार्ट्झ म्हणून जो मिळतो तो कारखान्यात बनलेला दगड असतो. नव्वद टक्क्यांच्या वर क्वार्ट्झची पूड आणि बाकी रेझिन. डाग सहसा आत मुरत नाहीत, पण रेझिनला ताप सहन होत नाही. तळणीची कढई उतरवून थेट टेकवली की पिवळट चट्टा पडतो आणि तो जात नाही. या घरात कढई उतरवून बाजूला ठेवायची तीस वर्षांची सवय आहे. काकूंना रोज "खाली काहीतरी ठेवा" म्हणत बसायचं का, असं मी विचारलं.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे आणि ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. या दगडात सिलिकाचं प्रमाण फार. तो कोरडा कापला की बारीक धूळ कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाते आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे गॅलरीत उकिडवं बसून, तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारी पोरं रोज दिसतात. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. म्हणून दगड कुठलाही असो, कटिंग पाणी सोडूनच करायचं, ही माझ्या कामाची अट असते.

शेवटी जुना काळा ग्रॅनाइटच उतरवला. नव्या मापात कापला, टवका गेलेला तुकडा भिंतीच्या बाजूला घेतला, कडा घासून पॉलिश केल्या. खालच्या पोळ्यांच्या भागापुरता नवा तुकडा आणावा लागला. छटेत थोडा फरक आहे, पण पातळीच वेगळी असल्याने तो खटकत नाही. राखाडी शिरांच्या पांढऱ्या रंगाची हौस भिंतीवर भागवली. शेगडीमागे त्या नक्षीच्या मोठ्या टाइल्स लावल्या, सांधे कमी येतील अशा बेताने. हळदीचा शिंतोडा उडाला तर टाइलवरून पुसला जातो, सांध्यात मात्र बसतो. दहा वर्षांनी कंटाळा आला तर टाइल्स बदलायला ओटा उखडावा लागणार नाही.

बाकीचं भराभर

खणांची फॅशन पूर्ण पाळली. दार उघडून, वाकून, मागचा डबा काढायला पुढचे चार डबे बाहेर काढायचे, हे काकूंच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. खण पूर्ण बाहेर येतो आणि वरून सगळं दिसतं. पितळी पातेली, परात, मोदकपात्र यांच्यासाठी जास्त वजन पेलणारे चॅनेल घेतले. पैसे वाचवायचेच असतील तर ते शटरमध्ये वाचवा, चॅनेलमध्ये नाही. सिंकखाली आणि तळाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, मी कोकणपट्टीतल्या हवेत सिंकजवळ वापरत नाही, पाणी लागलं की तो पावासारखा फुगतो.

उंच कपाट केलं. त्यातला एका दमात बाहेर येणारा जाळीचा साठवणखांब मात्र गाळला. ते घर गहू आणून दळून घेणारं आहे, त्यांच्या डब्यांचं वजन त्या खांबाला नको. ओव्हन बसवला नाही. सोळा अँपिअरचा पॉइंट आणि मोकळी जागा ठेवली. नातीला केक करायची आवड लागली तर आणतील.

उघड्या फळ्या शेगडीच्या भिंतीवर नाहीत. तिथे महिनाभरात प्रत्येक बरणीवर तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसतो. खिडकीशेजारी एकच फळी दिली, तीवर चहा-साखरेचे डबे. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर तो थर साचत नाही.

चिमणीची नळी सहा इंची, एकाच वळणाने ड्राय बाल्कनीतून बाहेर. आधीच्या नळीला तीन वळणं होती. चिमणी ओढत नव्हती ती त्यामुळे, मोटारीचा दोष नव्हताच.

हँडल नसलेली शटर सुनेला हवीच होती. ती दिली, फक्त पोळ्यांच्या भागाखालच्या दोन खणांना साध्या स्टीलच्या मुठी लावल्या. बिनहँडलच्या खणाला बोटं घालायला वर एक पन्हळ असते. पोळपाटाखाली ती पन्हळ पिठाने भरते.

आणि रंग? तो पूर्णपणे सुनेच्या मनासारखा. फिकट हिरवा, मॅट लॅमिनेटमध्ये. सध्या सगळीकडे तोच दिसतो आणि आणखी काही वर्षांनी तो या घरातल्या जुन्या मरूनसारखाच नकोसा होईल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल. तेव्हा शटर बदलीन." याच उत्तरासाठी आम्ही सांगाडा चांगल्या प्लायचा केला होता. तिथे मी एका शब्दानेही आडवी गेले नाही. रोज संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला आपल्या आवडीचा रंग समोर दिसणं, ही लहान गोष्ट नाही.

वर्षभरानंतर

पुढच्या दिवाळीनंतर मी जाऊन पाहिलं. सरकतं दार दिवसाचा बहुतेक वेळ उघडं असतं. फोडणीच्या वेळी एक तावदान सरकतं, रविवारी मुलगा मासे तळतो तेव्हा तिन्ही. चकल्यांच्या दिवशी काकूंनी आतून दार लावून घेतलं आणि दोन तास कुणाला आत येऊ दिलं नाही. त्यांना तो एकांत आवडतो, हे मला तेव्हा कळलं. एकटं पडणं सुनेला नको होतं, आणि एकटं असणं सासूबाईंना हवं होतं. उघडं स्वयंपाकघर केलं असतं तर एकीचंच भागलं असतं.

पाट गच्चीवर गेला. पोळ्यांच्या जागी दुपारी नात वह्या घेऊन बसते. ३१ इंचांच्या ओट्याशी खुर्ची जमते, ३५ इंचांचा ओटा तिला पंधरा मिनिटं टेकायलाही उंच पडतो.

सगळं सुरळीत आहे असं नाही. बिनहँडलच्या पन्हळींत पीठ नसलं तरी धूळ बसतेच, आणि मावशी त्या पुसत नाहीत. सून स्वतः रविवारी ब्रश फिरवते आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही. दिसणं तिला तेवढं मोलाचं वाटतं. ओट्याच्या दोन पातळ्यांमधल्या चार इंचांच्या उभ्या पट्टीला तळाशी पाणी साचतं. तिथला सिलिकॉनचा जोड दर वर्षी बघावा लागेल. आणि खालचा भाग काकूंच्या मापाचा आहे. त्या पोळ्या करेनाशा झाल्या की तो कुणाच्याच मापाचा राहणार नाही. म्हणून त्याखालचं कपाट भिंतीत चिणलेलं नाही, सुट्या पायांवर उभं आहे आणि दगडही वेगळा आहे. पाय बदलले की तो भाग ओट्याच्या बरोबरीला येतो. हे मी काकूंसमोरच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग आता सांगून ठेव सुतारला, नंतर शोधत बसतील."

मध्यंतरी त्याच इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने बोलावलं. वरचं स्वयंपाकघर बघून आले होते आणि हुबेहूब तसंच हवं होतं, दोन पातळ्यांच्या ओट्यासकट. मी त्यांच्याकडे सकाळी जाऊन बसले. घरात तिघं, सगळे साडेपाच फुटांच्या वर. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात. घरी भात, आमटी, कोशिंबीर आणि रात्री काहीतरी झटपट. त्यांना मी ३६ इंचांचा, एकसलग, सरळ ओटा आखून दिला. नवरा-बायको थोडे हिरमुसले. आता त्यांच्याकडे भिंतीवर बोलणं चालू आहे. तळण तिथे जवळपास होत नाही, त्यामुळे ती पूर्ण काढली तरी चालेल असं माझं मत आहे, पण आधी इंजिनिअर येऊन बघून जाईल.